काळ्या दोऱ्याचा पाय

सुनीलकाका म्हणजे पोलादपुरातला पट्टीचा गाडीवाला, आणि तो आत्ता लाल इटालियन मोटरसायकलीसकट उकिरड्यात बसला होता.

“गाडीला लागलं नाही ना?” गाडीचे मालक विनीत सर खुर्चीतूनच ओरडले.

“मला लागलंय, सर.”

“तुमचं बघू हो नंतर!”

गॅरेजच्या दारात उभी असलेली श्रुतिका खो-खो हसली. गेल्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

गेल्या मंगळवारी महाडला आरटीओच्या कॅम्पात ती लायसनच्या परीक्षेत नापास झाली होती. साधीसुधी नाही, चांगली गाजून. साहेबांनी थांब म्हणून हात वर केला. तिने डावा पाय दाबला. गाडी थांबली नाही. गियर बदलून, हिसका देऊन पुढे गेली आणि साहेबांच्या टेबलाला टेकली. चहा सांडला. वर्गातली दोन पोरं तिथेच होती. दुसऱ्या दिवसापासून अख्खी बारावी तिला ‘उलट्या पायाची हडळ’ म्हणायला लागली. हडळ म्हटल्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. पण पप्पांचा मुंबईहून फोन आला. “अजून एक डाव. नाय जमलं तर जूनपासून आत्याकडे, डोंबिवलीला.” त्यांच्या डोंगरावरच्या वाडीवर एसटी चढत नाही. महाडच्या कॉलेजला रोज जायचं तर गाडी पाहिजे आणि गाडीला लायसन. तो अजून एक डाव उद्याच होता.

म्हणून ती आज काकाच्या गॅरेजवर त्याच्या गाडीवर सराव करायला आली, आणि सराव राहिला बाजूला. सकाळीच विनीत सर कशेडी घाट उतरून तुटलेल्या क्लच केबलसकट दारात येऊन थांबले होते. गाडी पन्नास वर्षांची! तिचा एक सिलिंडर उभा, दुसरा जवळजवळ जमिनीला समांतर झोपलेला. इंजिनाच्या बाजूने एक चकचकीत नळी वर चढलेली. तिच्या आत एक दांडा फिरतो आणि दातेरी चाकांनी वरचे व्हॉल्व्ह चालवतो. आणि त्या व्हॉल्व्हला स्प्रिंगच नाही!

“मग उघडलेला व्हॉल्व्ह मिटतो कसा?” काकाने डोकं खाजवलं होतं.

“एक बोट ढकलून उघडतं, दुसरं बोट ओढून मिटवतं,” सर बोटं नाचवत म्हणाले होते. “स्प्रिंग परत आणेल या भरवशावर काही सोडलेलंच नाही.”

श्रुतिकाला ते इतकं आवडलं की ती तासभर स्वतःचीच दोन बोटं एकमेकांवर आपटत बसली.

काकाने दुसऱ्या गाडीची केबल कापून, जुळवून बसवली. सरांनी किक मारली, तर गाडीने उलट त्यांनाच लाथ घातली. त्यांचा घोटा टम्म सुजला. बर्फात पाय घालून ते खुर्चीत बसले, म्हणून ट्रायलला काका गेला. आणि उकिरड्यात पोचला.

“ब्रेकच लागला नाय,” काका शेण झटकत म्हणाला. “दाबला मी, तर गियर पडला.”

“सांगितलं होतं ना तुम्हाला? हिचा ब्रेक डाव्या पायाला आणि गियर उजव्या.”

“मी ऐकलं, सर. पायाने नाय ऐकलं.”

श्रुतिकाचं हसू एकदम थांबलं.

ती गाडीजवळ जाऊन खाली बसली. उजवीकडे गियर, डावीकडे ब्रेक. अगदी भागोजी आज्याच्या बुलेटसारखं! त्याच बुलेटवरून आज्याने वीस वर्षं वाडीवरचं दूध खाली उतरवलं होतं, आणि त्याच बुलेटवर माळावर तिला शिकवलं होतं. तिच्या डाव्या पायात आईने नजरेचा काळा दोरा बांधलेला. आजा म्हणायचा, “दोऱ्याचा पाय म्हंजे ब्रेक, गो. बाकीचं इसरलीस तरी चालंल.” बुलेटचे कागद कधीच संपलेले, म्हणून परीक्षेला काकाची नवी गाडी नेली होती. तिच्यावर सगळंच उलट.

“सर, मी एक चक्कर मारू?”

“गो, तू मंगळवारीच उलटा पाय दाबून टेबलावर चढलेलीस!” काका दचकला.

“तुला येते ही गाडी?” सरांनी विचारलं.

“ही नाय येत. हिची बहीण येते.”

सरांनी होकाराची मान हलवली.

काकाने किक मारून दिली. गाडी अशी गरजली की शेजारच्या म्हशी दावणीला उठून उभ्या राहिल्या. श्रुतिकाने उजव्या पायाने पहिला गियर वर उचलला, मग दुसरा खाली दाबला. गॅरेजसमोरच्या मैदानात तिने एक आठ काढला. मग अजून एक, पहिल्यापेक्षा गोल. सरांनी हात वर केला. तिचा डावा पाय आपोआप खाली गेला, आणि गाडी त्यांच्या सुजलेल्या पायापासून वीतभर अंतरावर गच्चकन उभी राहिली.

“हिचे पाय उलटे नाहीत हो,” सर काकाला म्हणाले. “असलेच तर तुमचे आहेत.”

श्रुतिका मात्र उतरून केव्हाच दगडावर बसली होती, पायाशी वाकून.

“काका, पक्कड दे.”

“का? गाडीत काय राहिलं?”

“गाडीत नाय. माझी एक जोडणी चुकलीय.”

दुसऱ्या दिवशी महाडला साहेबांनी तिला लांबूनच ओळखलं आणि चहाचा कप हातात उचलून धरला. काकाच्या नव्या गाडीवर तिने आठ काढला. पाय कुठेही टेकला नाही. साहेबांनी हात वर केला. गाडी पांढऱ्या रेषेवर थांबली. कपातला चहा हललासुद्धा नाही.

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. मग त्यांची नजर तिच्या पायाकडे गेली.

“काय गं, मुली हा काळा दोरा डाव्या पायात बांधतात ना? तुझा उजव्यात कसा?”

“सर,” श्रुतिका म्हणाली, “ह्या गाडीचा ब्रेक तिकडे हाय.”