अठ्ठ्याण्णव

“मला तुझ्याबरोबर राहायचं नाही,” ती म्हणाली आणि उशीच्या अभ्र्याची घडी घालायला लागली.

नवरा तडक स्वयंपाकघरात गेला. पाण्याच्या ग्लासात चार चमचे साखर. हात आपोआप चालत होते.

“उतरली का रे शुगर?” आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं. “मागच्या खेपेला मला चेटकीण म्हणाली होती. बघ, माझं नाव काढतेय का.”

“आई, ती नसते बोलत. शुगर बोलते.”

हे घरात ठरलेलंच होतं. ती चिडली, रडली, भलतंसलतं बोलली की आधी साखरपाणी. शुद्धीवर आली की सगळे हसायचे. तीही हसायची.

सात महिन्यांपूर्वी कुणा मेलेल्या माणसाच्या स्वादुपिंडातल्या पेशी एका पिशवीतून, नळीने, तिच्या यकृतात सोडल्या होत्या. जेमतेम चमचाभर. तिथे त्या रुजल्या, इन्सुलिन करू लागल्या. सुया बंद झाल्या. तेव्हापासून तिची शुगर एकदाही उतरली नव्हती. पण शुगर मोजायचं यंत्र अजून टीव्हीशेजारीच होतं.

“हे घे. पी आधी.”

तिने ग्लास घेतला नाही. बोट पुढे केलं. वीस वर्षांची सवय.

त्याने टोचलं. अठ्ठ्याण्णव.

त्याने दुसरं बोट पुसून टोचलं. शंभर.

“बिघडलंय हे,” तो म्हणाला आणि स्वतःचं बोट टोचलं. एकशे बारा. तो बराच वेळ तो आकडा बघत बसला.

पलंगावर कपड्यांचे तीन ढीग झाले होते. त्याचे, सासूबाईंचे. तिसरा तिचा, दाराकडच्या कडेला.

“घाम आलाय का तुला? हात दाखव.”

तिने दाखवला. कोरडा होता. उबदार.

“तू मागच्या वर्षीही हेच म्हणाली होतीस,” तो हळूच म्हणाला. “आपण किती हसलो होतो. तेव्हा बेचाळीस होती.”

“हो.”

“मग तेव्हा…”

“तेव्हाही हेच म्हणायचं होतं.” तिचा आवाज वाण्याची यादी सांगावी तसा. “पण तू पाजलंस.”

तिने त्याचा शर्ट उचलला, बाह्या आत वळवल्या, कॉलर सारखी केली आणि त्याच्या ढिगावर ठेवला.

“पाजलंस का रे?” आतून सासूबाई ओरडल्या.

तो ग्लासात चमचा ढवळत उभा होता. साखर केव्हाच विरघळली होती.