दाराकडची जागा

आज गवतात एकच खळगा होता.

बायको पावसातच उकिडवी बसली आणि बघत राहिली. दुपारपासून भुरभुर लागून होती. सगळा उतार निथळत होता, आणि मधोमध बरोबर त्यांच्या तंबूएवढा कोरडा चौकोन. कुणी आत्ताच तंबू गुंडाळून पुढे गेलं असावं, असा. पण पुढे कुणीच नव्हतं. पायवाटेच्या चिखलात एक पाऊल म्हणून उमटलेलं नव्हतं.

मागून नवरा धापा टाकत आला. "झकास! आयती जागा," तो म्हणाला. "या वाटेवर कुणीतरी आपली बडदास्त ठेवतंय बघ."

वाटेचा रिवाजच होता तसा. दोन निवाऱ्यांमधलं अंतर एका दमात तोडता येत नाही. मग मध्ये कुणीतरी आधी दाबलेली जागा शोधायची आणि तिथेच तंबू ठोकायचा; नवं गवत मोडायचं नाही. परवा अशी जागा मिळाली, काल मिळाली. दोन्ही दिवस पाऊस, आणि दोन्ही जागा कोरड्या ठणठणीत. नवरा 'नशीब' म्हणाला आणि घोरायला लागला.

बायको मात्र गाद्यांच्या धंद्यातली. सासऱ्यांचं दुकान तिनेच पुढे चालवलं होतं. जुनी गादी उसवायला आली की कापूस कुठे बसलाय ते बघून ती सांगायची, हा माणूस कुशीवर झोपतो, हिची कंबर दुखते, या दोघांचं सध्या पटत नाहीये. गिऱ्हाइकं लाजून चूर व्हायची. परवा गवतातले ते दोन खळगे बघून तिला नुसतंच ओळखीचं काहीतरी वाटलं. काल मात्र खात्री पटली. दाराकडचा लांब, खांद्याशी खोल, तो नवऱ्याचा. रात्री उठावं लागतं म्हणून तो कायम दाराकडे. आतला आखूड, गुडघे पोटाशी घेतलेला, तो तिचा स्वतःचा. म्हणजे ते दोघं पोचायच्या आधीच तिथे झोपून गेले होते. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसून हसून लोळला असता, म्हणून तिने ब्र काढला नाही.

आज फक्त आतला खळगा होता. दाराकडे गवत ताठ उभं.

"अहो, इथे नको. पुढे जाऊ."

"पुढे?" नवरा दगडावर टेकला होता. एक हात छातीवर, ओठ निळसर. सकाळच्या चढावरही तो असाच बसला होता आणि वर पित्त झालंय म्हणाला होता. "अगं, पाऊल टाकायचं त्राण नाही. आणि जाणार कुठे? इकडे कडा, तिकडे दरी. उद्या निवाऱ्यावर डॉक्टर भेटेल, त्याला दाखवू. झालं समाधान?"

उद्या कसला! त्याला उद्याच नव्हता. या माणसाशिवाय घरी परतायचं, त्याचे बूट हातात घेऊन, हे तिला क्षणभरही सोसवेना. तिने तंबू ठोकला, खाली प्लास्टिक अंथरलं, त्यावर स्लीपिंग बॅगा पसरल्या.

"आज दाराकडे मी झोपते," ती म्हणाली.

"अख्ख्या संसारात भिंतीकडची जागा सोडली नाहीस! आज काय, अस्वल आलं तर मला वाचवणार?"

"हो. सरका तिकडे. आणि गुडघे पोटाशी घ्या."

"अगं, मी काय कापूस आहे, कोंबतेयस तो?"

"कापूस बरा. त्याला तोंड तरी नसतं."

तिने त्याला दाबून, वळवून, आखडून त्या खळग्यात नीट बसवला. खळग्यात जो झोपेल तो राहील, एवढंच तिला कळत होतं. दाराकडे जे व्हायचं ते होऊ दे. मग ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि त्याचे श्वास ऐकत राहिली.

हळूहळू श्वास संथ झाले. ओठांवर रंग आला. थोड्या वेळाने तो चक्क घोरायला लागला, नेहमीसारखा, डबा घरंगळल्यासारखा. तिला रडूच फुटलं, मग हसू. बाहेर अजून उजेड होता, पाऊसही थांबला होता. तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. वेडी कुठची, ती स्वतःलाच म्हणाली, गवताचं कुणी मनावर घेतं का?

तरी धंद्याची सवय. तिने तंबूची चेन जराशी उघडली आणि पडल्या पडल्याच हात बाहेरून प्लास्टिकखाली घातला, थेट आपल्या पाठीखाली.

गवत ताठ उभं होतं. एकही पातं वाकलं नव्हतं.