साडेआठवा

फोन बंद झाला तरी गावाकडच्या घरी बसलेल्या गौरीनं तो कानाला तसाच लावून ठेवला होता. हैदराबादच्या कंपनीतल्या बाई फार गोड बोलल्या आणि गोड बोलूनच नाही म्हणाल्या. गौरीनं पुण्यात दोन वर्षं खपून बनवलेला गेम ते आता घेणार नव्हते. दुसऱ्या कुणाच्या गेमवर त्यांच्या सह्याही होऊन गेल्या होत्या.

समीक्षकांनी तुम्हाला दहापैकी साडेआठ दिलेत, असं आम्ही क्वचित पाहतो, बाई म्हणाल्या. पण गेम समीक्षक विकत घेत नाहीत, खेळणारे घेतात, आणि त्यांनी तुम्हाला पाच ताऱ्यांपैकी जेमतेम दीड दिलाय. एवढा फरक आम्ही वरच्यांना कसा समजावून सांगणार?

तो फरक गौरीला पुरता ठाऊक होता. एकच तारा देणाऱ्यांची नावं तिनं सकाळीच वाचली होती. डोंगरसिंग काका. शेजारच्या धुरपताबाई. आर्णीची लीलाआत्या. फुलसावंगीपासून आर्णीपर्यंतचं सगळं गणगोत रांगेनं उभं राहून एकेक तारा देऊन गेलं होतं.

आणि गेम तरी कशाचा? रानात हरवलेली गाय शोधत निघालेल्या एका म्हातारीचा. रान इथलं, म्हातारी इथली, तिची गायीला मारलेली हाक तर थेट लीलाआत्याची. ज्यांनी हे रान जन्मात पाहिलं नाही त्यांनी त्या हाकेवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले, आणि खुद्द लीलाआत्यानं एक तारा दिला. गेम हातचा गेला याचं दुःख होतंच. पण आपल्याच माणसांना आपण इतकं नकोसं व्हावं, हे तिला त्याहून लागलं होतं.

अंगणात गाडी येऊन थांबली. तिचे वडील नानाजी आर्णीच्या बाजारातून परतले होते. तोंडावरचा दुपट्टा सोडतासोडताच ते हसायला लागले. मोठा पराक्रम करून आलेला माणूस हसतो तसे.

“आर्णी आटपली, पोरी! आता पांढरकवडाच राह्यला.”

“काय आटपलं, बाबा?”

“तुह्या गेमचं वो! ज्याच्यापाशी फोन हाय त्याच्या फोनात उतरवून देल्ला. अन् समोर उभा राहून तारा दाबाले लावला. सगळ्याईले सांगतलं, माह्या पोरीले एक नंबर पाहिजे, दुसरं काही चालनार नाही. डोंगरसिंगनं तं पाचव्या ताऱ्यावर बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, काहून रे भाऊ, माह्या पोरीले पाचव्या नंबरवर टाकतं? धरलं त्याचं बोट अन् आनलं पयल्यावर.”

गौरीला एकदम उमगलं. शाळेचा निकाल लागला की नानाजी फाटकात उभे राहून एवढंच विचारायचे, कितवा नंबर? मार्क किती पडले हे त्यांनी कधी विचारलंच नाही. तिचा पहिला नंबर आला की सगळ्या आळीत पेढे, आणि दुसरा आला की दोन दिवस घर मुकं.

“लीलाआत्यानं खेळला तरी का?” तिनं कसंबसं विचारलं.

“खेळली म्हंजे? सैपाक सुचला नाही तिले. गाय भेटली तवा ढसाढसा रडली. म्हने, नानाजी, ते म्हातारी माह्याच आवाजात हाक मारते रे! अन् मी म्हनाच्या आधी दाबला तिनं पयला तारा.”

गौरीला हुंदका आवरला नाही. ज्यांच्यावर ती सकाळपासून मनातल्या मनात चिडत होती त्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. आणि तिचा गेम त्यांनीच बुडवला होता.

“काय झालं वो माय? काहून रडून राह्यली?” नानाजी घाबरले. तिच्या मांडीवरचा फोन त्यांनी उचलला. पडद्यावर समीक्षकांचं पान उघडंच होतं, वर ठसठशीत आकडा. “हे काय हाय? आठ अन् पाच?”

“साडेआठ आहे, बाबा. ते... गेम तपासून मार्क देणारे लोक असतात. मोठ्या शहरातले. त्यांनी दिलेत.”

नानाजींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“साडेआठवा?”

साडेआठ म्हणजे खूप चांगलं, हे सांगायला गौरीनं तोंड उघडलं. पण ते सांगायचं तर एक म्हणजे काय तेही सांगावं लागलं असतं. आणि नानाजींचं तोंड उन्हानं रापून काळंठिक्कर पडलं होतं. कंपनीचा निर्णय तर होऊन गेला होता, आता कुणाचं बोट कुठेही सरकवून उपयोग नव्हता. तिनं पदरानं पुसावेत तसे ओढणीनं डोळे पुसले आणि त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

नानाजी तिच्या शेजारी टेकले. आतून आई चहाला हाक मारत होती, तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. पोर एवढी मोठी झाल्यावर तिला जवळ कसं घ्यायचं हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“म्हून रडून राह्यली होय. जाऊ दे, मनाले लावून नको घेऊ,” ते म्हणाले. “ते परके लोक. त्याईले काय पडलं तुहं? आठवा देओ नाहीतं अठरावा देओ. आपल्या मानसाईनं तं तुले खाली पडू नाही देल्लं!”