फक्त तातडीचं

तिच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टचा लॉग, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या कामाची जी नोंद लिहितो ती, दिवसभर नुसता बडबडत असायचा. हे उघडलं, ते वाचलं, इथवर आलो, एक ना दोन! शेवटी वैतागून तिने अशा बारीकसारीक नोंदींची 'डीबग लेव्हल' बंद केली आणि 'गंभीर एरर आली तरच तोंड उघडायचं' असा त्या प्रोग्रामला दम भरला. त्याच तिरीमिरीत तिने एकट्या राहणाऱ्या वडिलांनाही फोनवर सुनावलं, "बाबा, नळ गळतोय, गुडघा कुरकुरतोय, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी ऊठसूट फोन नका ना करू! तातडीचं असेल तरच करा."

तेव्हापासून दोन्हीकडे कसं चिडीचूप होतं.

आज शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुशीत म्हणाला, "लॉग अगदी कोरा आहे. म्हणजे सगळं आलबेल!"

"डोंबलाचं आलबेल!" ती उसळली. "प्रोग्राम मरून पडला असला, तरी लॉग कोराच दिसणार. आधी तो चालू आहे का ते बघ."

बोलता बोलताच तिला आठवलं, बाबांचाही कित्येक दिवसांत फोन नव्हता. तिने तिथूनच बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी तो एकदाचा उचलला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! परवा न्हाणीघरात पडलो, तेव्हापासून पाय टेकवत नाहीये, एवढंच. तातडीचं काही नव्हतं गं, म्हणून नाही कळवलं."