बाबांच्या मापाची बैठक

ईशानीचे बाबा चाळीस वर्षं बनारसच्या अहिल्याबाई घाटावर मांडी घालून पूजा सांगत आले आणि त्यात गुडघे घालवून बसले. शेवटी या डिझायनर लेकीने त्यांच्याच मापाने वेताची एक बुटकी, पुढे उतरती बैठक बनवली. तिच्यावर मांडी न घालताही तासन्‌तास बसता यायचं. "चार दिवसांत परत आणते हं, बाबा," म्हणत ईशानीने ती प्रदर्शनासाठी नेली, आणि मग तीन महिने बैठक गावोगावच्या प्रदर्शनांतच फिरत राहिली. घाटावर बाबा पुन्हा दगडावर.

आज बनारसच्या प्रदर्शनात बैठकीला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोसाठी ईशानी बाबांना शोधायला गेली, तर चौथऱ्यावर दिव्यांच्या झोतात ठेवलेल्या बैठकीशेजारीच ते खाली फरशीवर पाय पसरून गुडघे चोळत बसलेले.

"खाली का बसलात, बाबा? गार्डने उठवलं का?"

"छे गं, तो तर 'बैठ जाइए पंडितजी, कोई बात नहीं' म्हणत होता. मीच नाही बसलो."



त्यांनी चौथऱ्यावरच्या 'कृपया इस पर न बैठें' या पाटीकडे बोट दाखवलं. "अक्षर तुझं आहे ना, बाळ."