एक टाकी, चार नळ

"एका टाकीवर चार नळ, आई. सगळे एकदम सोडले की कुणालाच धार नाही." ऐन मीटिंगमध्ये घरचं वायफाय का अडकतं, ते सुनेनं सासूबाईंना असं समजावलं होतं. कुणाच्या वाट्याला किती नेट द्यायचं हे ठरवणं हीच तिची नोकरी, त्यामुळे उदाहरण चपखल बसल्याचा तिला जरा अभिमानच वाटला होता.

आज वरच्या साहेबांसमोर तिची मीटिंग. लॅपटॉप उघडला, तर नेटचा पत्ताच नाही! धावत बाहेर आली, तर सासूबाई वायफायच्या डब्याशेजारी खुर्ची टाकून पहारा देत बसलेल्या.

"झाली वेळ? थांब, सोडते," म्हणत त्यांनी बटण दाबलं. "सकाळपासून बंद ठेवलंय. ह्यांना बातम्यासुद्धा बघू दिल्या नाहीत. टाकी काठोकाठ भरली असेल आता. वापर बिनधास्त!"

मीटिंग उशिरा का होईना, सुरू झाली. "न वापरलेलं नेट साठत नाही, त्या क्षणीच वाया जातं," हे तिनं साहेबांना ठासून सांगितलं, आणि त्यांना ते पटलंही.

ती बाहेर आली, तेव्हा सासूबाई अजून खुर्चीतच होत्या.

"पुरलं का गं?"

साहेबांना सांगितलेलं सगळं सुनेनं गिळून टाकलं. "पुरून उरलं, आई."

"बघ!" सासूबाईंचा हात समाधानानं बटणाकडे गेला. "मग उरलेलं ठेवते बंद करून. उद्याला होईल."