केळीचं ओलं पान

उन्हाळ्यात जळगावच्या त्या कॉलेजातली प्रयोगशाळा भट्टीसारखी तापायची. तिथे नेहेते मॅडम उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा अडवून निम्म्यांना पक्षाघातावरचं नवं औषध द्यायच्या. दोन वर्षं दर खेपेला औषधवाल्या उंदरांच्या मेंदूचे काप रसायनात लाल झाले, म्हणजे मेंदू वाचले होते. बाकीच्यांचे पांढरेफटक राहिले. मॅडमनी टाइप केलेला शोधनिबंध पाकिटात घातला, तसं पिंजरे सांभाळणाऱ्या तोतारामभाऊंना राहवेना. "मॅडम, औषधवाले खिडकीशी व्हते. उन्हानं तळमळत, म्हनून म्या रोज त्याईच्याखाली केळीचं ओलं पान टाकलं." गारव्यानेही मेंदू वाचतो, हे मॅडमना ठाऊक होतं; म्हणजे उंदीर औषधानं वाचले की पानानं, हे आता सांगता येणार नव्हतं. आता नोकरी गेलीच, असं समजून तोतारामभाऊ मान खाली घालून उभे राहिले. मॅडमनी पाकिटातून निबंध काढला आणि दोन वर्षांचं काम टराटरा फाडून टाकलं. "भाऊ, उद्या पुन्हा पानं आणा," त्या म्हणाल्या, "या खेपेला बिनऔषधवाल्यांच्या खाली घालू."